प्रॉम्प्टरचा अर्ज

“तुमी बोला ना, मी आहो.”

हे वाक्य त्याच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. वर्गातल्या एखाद्या पोरीला मी उभं करून पाच वाक्यं इंग्रजीत बोलायला सांगितली आणि ती ओढणीशी चाळा करत गप्प राहिली, की पुढून कुठून तरी हलक्या आवाजात हे वाक्य यायचं. एकदा खालच्या चष्म्याच्या दुकानदाराशी माझं वाजलं. माझ्या वर्गाच्या जिन्यासमोर तो रोज स्कूटर लावायचा. हा माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुमी बोला मॅडम, मी आहो.” मी बोलले, चांगली दहा मिनिटं बोलले. तो दुकानदाराशी अवाक्षर बोलला नाही. पण ऐन भरात मला ‘अतिक्रमण’ हा शब्द आठवेना, तेव्हा तो शब्द नेमका मागून माझ्या कानाशी आला. मी तो असा काही फेकला की दुसऱ्या दिवशी स्कूटर हलली. दुकानदाराला अजून वाटतं की मॅडमचा कायद्याचा अभ्यास आहे.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सहलीचा फोटो काढताना मोबाईल ज्याच्या हातात असतो आणि म्हणून जो एकाही फोटोत नसतो, तो माणूस. आपण फोटो बघतो, सगळ्यांना ओळखतो, आणि तो तिथे होता हेच विसरतो.

नागपुरात बर्डीवर दुसऱ्या माळ्यावर माझा वर्ग आहे. इंग्रजी बोलणं, मुलाखतीची तयारी, अर्ज लिहून देणं. कागदावर माणसं जेवढी असतात त्यापेक्षा थोडी उंच करून देणं हा माझा धंदा, आणि वीस वर्षं केल्यामुळे मला त्याचा गर्व होता. तो पहिल्यांदा आला ते वैशाखात. कूलरसमोरचे सगळे बाक रिकामे असताना तो माझ्या फळ्यापुढच्या लाकडी चौथऱ्याच्या पायरीवर बसला. मी म्हटलं, “बाकावर बस.”

“इथंच बरं वाटते मॅडम. वरचं माणूस दिसते.”

मला वाटलं, अतिनम्र दिसतोय. अतिनम्र माणसांचा मला राग येतो. त्यांना मोठं करताना दुप्पट मेहनत पडते.

“काय करायचं आहे?”

“एमबीए. फारम भरून पाहिजे. अन् तो निबंध लिवा लागते ना, मी एमबीए काहून करतो, तो.”

“सध्या काय करतोस?”

“प्रॉम्प्टर आहो. झाडीपट्टीत.”

वय एकतीस, बीकॉम, राहणार खापरखेडा. वडील तिथल्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे होते, ते गेले. घरी आई. एवढं मी लिहून घेतलं आणि ‘प्रॉम्प्टर’ या शब्दापाशी पेन थांबलं. नागपूरची असूनही मी झाडीपट्टीचं नाटक पाहिलेलं नव्हतं. पूर्वेकडच्या त्या धानाच्या मुलखात दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो, एकेका गावात हजारो माणसं जमतात, इतकं ऐकून होते. बाकीचं त्याने सांगितलं. एका कंपनीची सहा-सहा नाटकं असतात आणि तालीम दोन दिवसांची. नट नागपूरहून, कुणी मुंबईहून येतो, जीपमधून उतरतो, तोंडाला रंग लावतो आणि थेट स्टेजवर जातो. त्याला नाटकाचं नाव माहीत असलं तरी खूप. स्टेजच्या पुढे एक खड्डा खणलेला असतो. त्यात पेटी, तबला आणि त्यांच्या शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन हा. तो वाक्य पुरवतो, नट ते बोलतो, लोक टाळ्या वाजवतात.

“सगळी वाक्यं?”

“हव ना. हिरोची, हिरोइनची, बुढ्याची. एका डोळ्यानं पुस्तक, एका डोळ्यानं त्याहचं तोंड. कोनाचा श्वास अडकला का समजते मले.”

“आणि लोकांना ऐकू जात नाही?”

तो पहिल्यांदा हसला. “ऐकू गेलं तं मंग मी कायचा प्रॉम्प्टर?”

त्याने मग एक किस्सा सांगितला. एका गावी नाटक सुरू झालं आणि नायक आलाच नाही, त्याची गाडी ब्रह्मपुरीजवळ बंद पडली होती. मालक खड्ड्याशी येऊन रडायला लागला. याने विनोदी पात्राचा प्रवेश वीस मिनिटांनी वाढवला, म्हणजे वाक्यं तिथल्या तिथे रचून त्याला पुरवली. दोन गाणी पुढे ओढली, नायिकेला एक पत्र वाचायला लावलं जे नाटकात नव्हतंच. नायक आला तेव्हा गोष्ट जिथे असायला हवी होती तिथे होती. प्रेक्षकांना काही कळलं नाही. हे त्याने कुठेही फुशारकी न मारता सांगितलं, जसं आपण नळ गेल्यावर पाणी कसं पुरवलं ते सांगतो.

“मालक डायरीवर कंपनी चालवते मॅडम. एका तारखेले दोन गावं घेऊन बसते. नटाले बुखार आला का त्याले समजत नाई काय करू. मी सांगतो तवा चालते. मंग मले वाटलं, हेच शिकून घ्याव ना बराबर.”

हे कारण निबंधाला चांगलं होतं. खरं कारण त्याने पुढच्या आठवड्यात सांगितलं, तेही मी “आवाज मोठा कर, घशात काय अडकलंय का?” असं खेकसले तेव्हा.

अडकलंच होतं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं होतं की बाबा, ओरडलं तर एकवेळ चालेल, पण हे जोर लावून कुजबुजणं फार वाईट. अकरा हंगाम तो पहाटेपर्यंत तेच करत आला होता. आणखी एक हंगाम, फार तर दोन, मग आवाज राहीलच असं नाही. ऑपरेशन केलं तरी हे काम सोडावंच लागेल.

दुसरं काम त्याने शोधून पाहिलं होतं. मॉलमध्ये, विम्याच्या ऑफिसात, कुरिअरमध्ये. सगळे विचारायचे, अनुभव काय? तो सांगायचा. ते विचारायचे, म्हणजे काय? तो पुन्हा सांगायचा. ते हसायचे, कुणी कुणी एखादं वाक्य म्हणून दाखव म्हणायचे. अकरा वर्षांचा अनुभव आणि तो नसल्यासारखाच. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला मात्र कुणी हसत नाही, ती कॉम्प्युटरवर असते. ती त्याने दिली आणि उताऱ्यावरच्या प्रश्नांत असे मार्क काढले की माझ्या इंजिनिअर पोरांनी मान खाली घातली. जो माणूस मिणमिणत्या उजेडात एका डोळ्याने वाचतो, त्याला कॉम्प्युटरवरचा उतारा म्हणजे काय!

“यावर्षीच झालं पाहिजे मॅडम,” तो म्हणाला. “पुढच्या साली मुलाखतीले आवाज असंन का नाई, सांगता येत नाई.”

मग मी पदर खोचून कामाला लागले.

अर्जाला अनुभवाचं पत्र लागतं, कंपनीच्या लेटरहेडवर. त्याच्या मालकाकडे लेटरहेड कुठलं? त्याने नाटकाच्या जाहिरातीवर पत्र लिहून पाठवलं. वर लाल अक्षरात ‘खळबळजनक, कौटुंबिक, तुफान विनोदी’, दोन बाजूंना नायिका आणि खलनायक यांचे फोटो, आणि मध्ये जिथे जागा सापडली तिथे निळ्या पेनने: ‘हा मुलगा आमच्या कंपनीचा पाठीचा कणा असून याला प्रवेश द्यावा, न दिल्यास कळवावे, आम्ही याला सोडणार नाही.’ खाली सही, त्यावर शिक्का. मी इतकी हसले की खालून चष्मेवाला वर बघायला आला. पायरीवर बसलेला तोही हसला, पण मग हळूच म्हणाला, “मनापासून लिवलं त्यानं.” मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि मालकासाठी दुसरं, सभ्य इंग्रजीतलं पत्र टाइप केलं. त्यावर मालकाने डोळे मिटून सही केली.

निबंधही मीच लिहिला. आता हे सांगायला जड जातं, पण तेव्हा मी फार खूश होते. प्रॉम्प्टर हा शब्द मी काढून टाकला. त्याच्या जागी ‘प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर’ घातलं. चाळीस जणांचा चमू, फिरते प्रयोग, ऐनवेळचे निर्णय, सगळं खरं होतं. फक्त खड्डा नव्हता, पुस्तक नव्हतं आणि तो नव्हता.

त्याने ते दोनदा वाचलं. “मॅडम, हे चांगलं आहे. पण हा मी नाई वाटत.”

“तूच आहेस. फक्त टाय लावलाय.”

“प्रॉम्प्टर लिवलं तं नाई चालंन?”

“नाही चालणार. त्यांना कळणार नाही, ते हसतील. तुला हसं करून घ्यायचंय का आता?”

त्याने मान हलवली. हसं करून घ्यायचं नव्हतं. त्याने तो निबंध पाठ केला, स्वल्पविरामासकट.

चार कॉलेजांना अर्ज गेले. तीन ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका ठिकाणाहून, नागपूरच्याच, गटचर्चा आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. त्या दिवशी तो सगळ्या वर्गासाठी तर्री-पोहे घेऊन आला आणि स्वतः गरम पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसला. तिखट त्याने बंद केलं होतं. बोलणंही जवळपास बंद केलं होतं, आवाज त्या दिवसासाठी राखून ठेवायचा म्हणून. महिनाभर तो वर्गात मला चिठ्ठीवर प्रश्न विचारायचा. मी दणकून सराव घ्यायचे. “गटचर्चेत पहिलं कोण बोलतं ते बघतात. पहिला तू बोल. कुणी बोलत असेल तर मध्ये घुस. थोडा निर्लज्ज हो.” तो चिठ्ठीवर लिहायचा, ‘होतो.’

मुलाखतीच्या दिवशी दुपारी चारपर्यंत तो परत यायला हवा होता. सहा वाजता आला. कडक इस्त्रीच्या शर्टची कॉलर ओली होती. त्या दिवशी तो पायरीवर न बसता बाकावर बसला.

“काय झालं?”

“मी नाई बोललो मॅडम.”

आठ जण होते, गोल टेबल. विषय सोपा होता, छोट्या दुकानांचं आता काय होणार. त्याची पाच वाक्यं तयार होती. पहिलं वाक्य तो बोलणार, इतक्यात शेजारच्या मुलीने सुरुवात केली. चांगली बोलत होती, आणि मधेच तिचा श्वास अडकला. शब्द सापडेना. समोर तीन परीक्षक पेनं धरून बसलेले. तिच्या कपाळावर घाम आला.

“मग?”

“मंग मी देला तिले शब्द.”

“का?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. स्टेजवर माणूस अडकला की वाक्य द्यायचं, यात ‘का’ कुठून येणार? अकरा वर्षांत त्याने एकदाही विचार करून वाक्य दिलं नव्हतं. ती मुलगी पुढे गेली. मग डावीकडचा मुलगा अडकला. त्यालाही त्याने दिलं. मग समोरच्याचा मुद्दा भरकटायला लागला, त्याला वळवायला एक शब्द टेबलाखालून सरकवावा तसा दिला. स्वतःची तयार वाक्यंसुद्धा त्याने देऊन टाकली, कारण तिथे तीच बरोबर बसत होती. चर्चा रंगली. परीक्षक माना हलवत होते. वेळ संपली तेव्हा सात जण बोलले होते.

“आणि मुलाखत?”

“त्याहनं विचारलं, तुमी चाळीस माणसं सांभाळता अन् आठ माणसांत एक शब्द नाई बोलले?”

“मग सांगायचंस ना! मी प्रॉम्प्टर आहे म्हणून सांगायचंस! सगळं सांगायचंस!”

“तुमी कोऑर्डिनेटर लिवलं होतं ना मॅडम. मी कसं बदलवू? कागदावर नाई ते आमी बोलत नाई.”

“नायकाची गाडी बंद पडली तेव्हा रचलंस ना! पत्र वाचायला लावलंस ना!”

“ते नाटक वाचवाले होतं. इथं तुमी खोट्या पडल्या असत्या.”

त्याने मग त्यांना माझा निबंध म्हणून दाखवला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत, न अडखळता. परीक्षकांनी आभार मानून त्याला बाहेर पाठवलं होतं.

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय. मलाही आता कळतं. त्या वेळी मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, तुला कुणी शिकवून उपयोग नाही. म्हटलं, जन्मभर खड्ड्यातच बसायचं होतं तर माझं डोकं कशाला खाल्लंस. माझ्या वर्गाचा एकमेव बोलावणं आलेला मुलगा हातचा गेला याचं दुःख मला होतं, आणि ते मी त्याच्या तोंडावर फेकलं. तो उठला. जाताना “जय भीम मॅडम” म्हणाला, नेहमीसारखा. त्याचा आवाज घोगरा झाला होता.

निकाल लागला. त्याचं नाव नव्हतं. मी हट्टाने कॉलेजला मेल करून कारण विचारलं. चार दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: गटचर्चेत उमेदवाराने सहभाग घेतला नाही.

मी ते त्याला दाखवलं. वाटलं, चिडेल. निदान आता तरी चिडेल. त्याने ती ओळ वाचली आणि मोबाईल मला परत दिला.

“बराबर आहे मॅडम. त्याहले ऐकू गेलं असतं तं माहं काम चुकलं असतं.”

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. वीस वर्षं मी पोरांना सांगत आले की स्वतःची किंमत दाखवा, आणि ज्याच्याजवळ खरी किंमत होती त्याची मीच खोडून काढली होती. त्या परीक्षकांच्या हातात ‘प्रॉम्प्टर’ एवढा एक शब्द असता, तर त्यांनी कदाचित कान टवकारले असते. कदाचित नसतेही. पण त्याला उत्तर द्यायला जागा राहिली असती.

“पुढच्या वर्षी पुन्हा भरू,” मी म्हटलं. “सगळं खरं लिहू. पण यंदा तिकडे जाऊ नकोस. डॉक्टरने सांगितलंय ना?”

“नाई गेलो तं घरी काय करू? आई रोज इचारते, झालं का तुह्या कॉलेजाचं.”

दिवाळीनंतर तो वडस्याला, नाटक कंपनीकडे गेला. हंगामात एकदा त्याचा मेसेज आला, ‘ठीक आहे मॅडम. गरम पाणी पितो.’ मग काही नाही. मी होळीची वाट पाहिली. होळीला कंपन्या परततात. होळी गेली, गुढीपाडवा गेला, नव्या वर्षाचे अर्ज सुरू झाले. मी त्याचा निबंध नव्याने लिहून ठेवला होता, पहिलंच वाक्य ‘मी प्रॉम्प्टर आहे’. मेसेज केले, उत्तर नाही. फोन लावला, कुणी उचलेना. शेवटी एका रविवारी सकाळी मी खापरखेड्याची बस धरली.

घर वीज केंद्राच्या वसाहतीच्या भिंतीबाहेरच्या वस्तीत. दारातल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर राखेचा थर होता, त्याची आई तो फडक्याने पुसत होती. मी नाव सांगितलं तशी तिने हात धुतले, खुर्ची पुसली, मला बसवलं, आणि स्वतः खाली बसली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. बाबासाहेबांच्या फोटोखाली त्याचं बीकॉमचं प्रमाणपत्र, चौकट करून लावलेलं.

“तो नाई घरी,” ती म्हणाली. “पुण्याकडं गेला, गोडाऊनमधी. डबे चिकटवाचं काम आहे. तिथं बोला नाई लागत म्हंते.”

“आवाज?”

“गेला ना बाई. नाटक चालू होतं म्हंते अन् एकदम बंद. वरचा माणूस उभाच्या उभा. हा खालून तोंड हालवते, पन आवाजच नाई. मंग पेटीवाल्यानं पुस्तक घेतलं त्याच्या हातातून.” तिने पदराने तोंड पुसलं. “घरी आला. पंधरा दिवस माह्यासंगं पाटीवर लिवून बोलला. मले तं वाचता येत नाई. तो लिवे, मी पाहो. मंग बाजूची पोरगी बोलावो, ते वाचून सांगे, आई म्हंते जेवली का. एवढ्यासाठी पोरगी बोलावा लागे.”

ती उठली, सरबत केलं, मला दिलं. मी ग्लास हातात धरून बसले. तिने मग अगदी साधेपणाने, जसं दुकानात वस्तू का नाही म्हणून विचारतात तसं विचारलं, “बाई, त्या कॉलेजानं काहून नाई घेतलं वं त्याले? हुशार तं होता.”

“माझ्यामुळे,” मी म्हटलं. “मी त्याचं खरं काम अर्जात लिहिलंच नाही, ताई.”

“काहून? वाईट काम होतं का ते?”

मी नाही म्हणाले. तिने मला दोनदा सांगितलं, सरबत घ्या, सरबत घ्या. निघताना तिने त्याचा नवा नंबर बाजूच्या पोरीकडून मला लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग रिकामा असताना मी त्याचा अर्ज भरायला बसले. त्याला मेसेज करून ठेवला होता, भरू का? त्याने लिहिलं, ‘भरा.’ पद: प्रॉम्प्टर. अनुभव: बारा हंगाम. अनुभवाच्या पत्राच्या जागी मी मालकाचं ते पहिलं पत्र जोडलं, नायिका, खलनायक आणि शिक्क्यासकट. एकेक पान पुढे जात होतं. शेवटच्या पानावर यंदा एक नवा रकाना होता. उमेदवाराने एक मिनिटाचा व्हिडिओ जोडावा, स्वतःबद्दल स्वतःच्या आवाजात बोलावं. रकाना रिकामा ठेवून पाहिला, अर्ज पुढे जाईना. कॉलेजला फोन केला. पलीकडची मुलगी सौजन्याने म्हणाली, “मॅम, ते कम्पल्सरी आहे.” मी म्हटलं, त्याला आवाज नाही. ती म्हणाली, “मॅम, मग सिस्टिम घेणार नाही.”

मी त्याला तसं कळवलं. लिहिलं की राहू दे, आपण दुसरं काही बघू. दोन दिवस उत्तर आलं नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याचा व्हिडिओ आला.

मागे खोक्यांच्या थप्प्या, अंगात गोडाऊनचा निळा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मोबाईल कुठल्याशा खोक्यावर टेकवून ठेवला असावा, कारण हात दोन्ही बाजूंना सरळ होते. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि बोलायला सुरुवात केली. मी आवाज पूर्ण वाढवला. पंख्याची घरघर मोठी झाली, कुठे तरी ट्रक मागे घेताना वाजतं तसं वाजत होतं. त्यातून दोन-तीन शब्द वर आले. ‘वडसा.’ मग बऱ्याच वेळाने ‘अंधार’. मग एकदा ‘माणसं’. बाकी नुसतं तोंड हलत होतं. मी पाच वेळा पाहिलं. तो काय बोलत होता ते मला कळलं नाही, पण माझा निबंध तो नव्हता, एवढं नक्की. माझी वाक्यं लांब होती. ही छोटी होती, त्याच्या श्वासात मावतील एवढी. मध्ये एकदा तो थांबला, गळ्याला हात लावला आणि पुन्हा बोलायला लागला. पूर्ण एक मिनिट. मग त्याने हात जोडले आणि पुढे वाकून मोबाईल बंद केला.

खाली त्याने लिहिलं होतं, ‘चालंन का मॅडम?’

मी ‘चालेल’ लिहिलं, व्हिडिओ जोडला आणि अर्ज पाठवून दिला.